शब्द कळत नाहीत, तरी सतरा वर्षं ऐकतेय. आता अर्थ शोधावा का? (नॉर्डिक इंडी संगीत)

वाशिष्ठी_काठची

२००८ साली इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. वर्गातल्या एका मित्राने सबमिशनच्या फायलींसाठी ४ जीबीचा पेनड्राइव्ह दिला. त्यात एक फोल्डर होतं, नाव म्हणून नुसते दोन कंस. आत आठ गाणी, आठही 'अनटायटल्ड'. मला वाटलं व्हायरसने नावं खाल्ली. कॉलेजच्या लॅबमधून फिरून आलेल्या पेनड्राइव्हचं तेव्हा काहीही होऊ शकायचं.

विनँपवर लावलं. चौथं गाणं संपलं आणि पुढे अर्धं मिनिट काहीच नाही. हँग झालं म्हणून बंद केलं. असं तीन-चार रात्री झालं. मग एकदा चहा आणायला उठले आणि कप घेऊन परत येते तो पाचवं सुरू! म्हणजे पुढची चार गाणी मी इतके दिवस ऐकलीच नव्हती.

पुढे कळलं की यात व्हायरसचा काही दोष नाही. बँड आइसलँडचा, सिगुर रोस. अल्बम २००२ चा आणि त्याचं नावच ( ). गाण्यांना नावं नाहीत ती मुद्दाम, मधली शांतताही मुद्दाम. सीडीसोबतच्या पुस्तिकेत कोरी पानं होती, ऐकणाऱ्याला जे वाटेल ते त्याने लिहावं म्हणून.

तिथून जी लागण झाली ती आजतागायत आहे. मूम, किंग्ज ऑफ कन्व्हिनियन्स, होसे गोन्झालेझ, फेरो बेटांवरची आयवर. नवरा या सगळ्याला एकत्रितपणे 'तुझं ते बर्फाचं' म्हणतो.

तर प्रश्न असा. परवा गाडीत सिगुर रोसचंच एक गाणं लावलं होतं, मागून लेक (वय ७) म्हणाली, "आई, तो काका काय म्हणतोय?" मला सांगताच येईना. सतरा वर्षांत मी एकदाही अर्थ शोधला नाहीये. कंटाळा म्हणून नव्हे, भीती म्हणून. समजा भलतंच काही निघालं तर? तुम्ही काय करता? शोधता की तसंच ठेवता?

निवांत_७७

वाचतोय. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

खवचट_काका

ऐकलं. आमच्या चाळीत दाढ दुखली की लोक असाच आवाज काढायचे. वेळीच रेकॉर्ड केला असता तर आज गिरगावाचंही नाव झालं असतं.

बाकी तो पेनड्राइव्ह परत केलात का?

बंदिशवाली

काका, तुमची दाढ सुरात दुखत असेल तर मी ऐकायला येते.

वाशिष्ठी, तुझा प्रश्न आम्हाला नवा नाही. तराण्यात 'तनन देरेना' ऐकताना अर्थ कोण विचारतं? उस्ताद अमीर खाँसाहेबांचं मत होतं की त्या बोलांना फारसी अर्थ आहेत, आणि त्यांनी त्याचा बराच पाठपुरावा केला. मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं. पण दुसऱ्या दिवशी तराणा लावला तर जसा काल ऐकला होता तसाच ऐकला. अर्थ कळल्याने काही गेलं नाही आणि काही आलंही नाही.

तुझ्यामुळे हे काल पहिल्यांदा ऐकलं आणि मग व्हिडिओही पाहिला. तो मुलगा गिटारवर गज फिरवतो! अख्खा गज, चेलोचा. सारंगीचं काम गिटारकडून करून घेतोय. गळा कुठे संपतो आणि गज कुठे सुरू होतो ते दोनतीनदा मागे नेऊन ऐकलं तरी सापडेना. तक्रार एकच. चार स्वर किती वेळ घोळवायचे? तेवढ्यात आमचा बडा ख्याल अंतऱ्याला पोचतो.

अक्षरशत्रू

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय, म्हणून मास्तरकी करतो.

कंसवाल्या अल्बममध्ये कुठलीच भाषा नाही. बँड तिला 'वोनलेन्स्का' म्हणतो. 'वोन' म्हणजे आशा, त्यांच्या १९९७ च्या पहिल्या अल्बमचं नावही तेच. चाल बांधताना शब्द हाताशी नसले की आपले संगीतकार डमी शब्द टाकतात ना, तसलाच प्रकार. फक्त यांनी डमी काढलेच नाहीत. तेव्हा वाशिष्ठीताई, त्या आठ गाण्यांचा अर्थ शोधायला निघालात तर हाती भोपळा.

पण २००५ च्या 'ताक्क'मधली बहुतेक गाणी चक्क आइसलँडिक आहेत. (ताक्क म्हणजे धन्यवाद.) गाडीत लावलेलं त्यातलं असेल तर त्याला अर्थ आहे आणि तो कुणालाही पाच मिनिटांत सापडेल. बीबीसीच्या 'प्लॅनेट अर्थ'च्या जाहिरातींमध्ये २००६ साली वाजलेलं 'होप्पीपोत्ला' त्यातलंच. हॉपीपोला नव्हे! दोन एल एकत्र आले की तिथे त् आणि ल् मिळून उच्चार होतो. अर्थ मी सांगत नाही, ताईंचा निर्णय होऊ दे.

खवचट_काका

ताक नावाचा अल्बम! मठ्ठा कधी काढतायत?

वाशिष्ठी_काठची

@अक्षरशत्रू, गाडीत तेच होतं. आणि मी सतरा वर्षं हॉपीपोलाच म्हणतेय. आता कुणाला तोंड दाखवू!

म्हणजे अर्ध्या गाण्यांना अर्थ आहे आणि अर्ध्यांना नाही, आणि मला त्यातला फरक कधी कळलाच नाही. हे जास्त भीतीदायक आहे.

शंकासूर

मी थोडा विरोधी सूर लावतो. तुम्ही लोक संगीताच्या प्रेमात पडलेले नाही आहात. हिमनदी, धुकं, काळी वाळू, लोकरीचा स्वेटर घातलेला उदास माणूस, या चित्राच्या प्रेमात आहात. डोळे बंद करून, कुठल्या देशाचं ते न सांगता ऐकवलं असतं तर किती जणांनी दुसऱ्यांदा लावलं असतं? मला तरी ही पर्यटन खात्याची जाहिरात वाटते. २०१६ मध्ये याच बँडने आइसलँडच्या रिंगरोडवरून १३३२ किलोमीटर गाडी चालवत चोवीस तास थेट प्रक्षेपण केलं होतं. गाडीच्या काचेतून रस्ता दिसतोय आणि मागे यांचं संगीत. यापेक्षा जास्त जाहिरात काय असते?

वाशिष्ठी_काठची

माझ्यापुरतं तरी हे खरं नाही हो. माझ्याकडे आठ बेनाव फायली होत्या. देश कुठला, माणसं कशी दिसतात, काही माहीत नव्हतं. होस्टेलच्या खोलीत पंखा गरगरत होता, बाहेर कर्वे रोड.

रानवाट

शंकासूर, 'हेइमा' पाहा. नावाचा अर्थ 'घरी'. २००६ च्या उन्हाळ्यात हे लोक जगभरचा दौरा आटपून घरी आले आणि देशभर फुकट कार्यक्रम करत फिरले, त्याचा हा माहितीपट. निसर्ग भरपूर आहे, नाही म्हणत नाही. पण मला त्यातली माणसं लक्षात राहिली. गावच्या सभागृहात खुर्च्या मांडून बसलेल्या आज्या, मांडीवर पोरं. आपल्या शाळेच्या गॅदरिंगला असतात तशाच.

आणि त्यातला एक कार्यक्रम काउराह्न्यूकर धरणाला विरोध करणाऱ्यांच्या तळावर झाला. तिथे त्यांनी अँप्लिफायर न लावता वाजवलं, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्याला वीज पुरवण्यासाठी होणाऱ्या धरणाच्या विरोधात उभं राहून वीज वापरायची नव्हती. पुढे ते खोरं पाण्याखाली गेलंच. पर्यटन खातं असली जाहिरात करत नाही.

मालवणी_खाजा

बर्गन, नॉर्वे. वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटर पाऊस, दोनशेच्या वर दिवस भिजलेले. तिथून किंग्ज ऑफ कन्व्हिनियन्स आले. दोघे मित्र, दोन गिटारी, पुटपुटल्यासारखं गाणं. २००१ च्या अल्बमचं नावच 'क्वाएट इज द न्यू लाउड'. जो तो म्हणतो, पावसामुळे तिथली पोरं घरात बसतात आणि गाणी करतात.

आता माझा प्रश्न. आमच्या आंबोलीत त्याच्या तिपटीच्या आसपास पडतो. आमच्याकडचे किंग्ज कुठे गेले?

खवचट_काका

भात लावायला.

मालवणी_खाजा

ठ्ठो! पण गंमत सोडा, उत्तर मीच देतो. आमच्याकडे पावसात भजनी मंडळं बसतात. डबलबारी असते, एक बुवा दुसऱ्या बुवाला गाण्यातून चारचौघांत सोलून काढतो. पाऊस पडला म्हणून माणूस हळू आवाजात गाईलच असं नाही. आमच्याकडे पत्र्यावर पाऊस वाजतो, त्याच्यावर आवाज काढायचा तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. तिथे भिंती जाड असणार.

वाशिष्ठी_काठची

खाजा, हे पटलं. चिपळूणची आहे मी, पत्र्याखालीच वाढले. २०२१ च्या पुरानंतर पावसाचं कौतुक जरा जपूनच करते, पण तो पत्र्याचा आवाज अजून लागतो मला.

ट्रामवाला

गेली नऊ वर्षं स्वीडनमधल्या गोथेनबर्गला आहे, म्हणून 'पाऊस आणि अंधारामुळे संगीत' या सिद्धांताला एक टाचणी लावतो.

माझा मुलगा इथल्या नगरपालिकेच्या कल्चर स्कूलमध्ये ड्रम शिकतो. शाळा सुटल्यावर, परवडेल अशा फीत, आणि वाद्य पहिल्या दिवशी विकत घ्यावं लागलं नाही. उद्या चार पोरं जमली आणि बँड काढायचा म्हणाली, तर एखादी अभ्यास संघटना गाठायची. एबीएफ म्हणून एक आहे, कामगार चळवळीतून १९१२ साली निघालेली. तुमची गाण्याची तालीम हे त्यांच्या लेखी 'अभ्यासमंडळ', त्यामुळे सरावाची खोली मिळते. आमच्या इमारतीशेजारी तळघरात अशी एक आहे. मंगळवारी कुणीतरी अतिशय भिकार बास वाजवतं. गेल्या वर्षीही वाजवत होतं, तेव्हा आणखी भिकार होतं. मला विचाराल तर सगळी मेख या तळघरात आहे. भिकार वाजवायला वर्षानुवर्षं जागा मिळणं. अंधार तर सैबेरियातही आहे.

होसे गोन्झालेझ याच गावचा. आईवडील १९७६ च्या लष्करी उठावानंतर अर्जेंटिनातून पळून आलेले, हा इथे जन्मला, विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करत होता. 'हार्टबीट्स' मूळचं द नाइफ या बहीणभावाच्या जोडीचं, पूर्ण इलेक्ट्रॉनिक. याने ते एका गिटारवर आणलं. २००५ च्या टीव्हीच्या जाहिरातीत सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारावरून अडीच लाख रंगीत चेंडू सोडले होते, तेव्हा मागे हेच होतं. येन्स लेकमनने ज्या कोर्तेदालावर अख्खा अल्बम केला (२००७), ते उपनगर आमच्या ट्रामच्या मार्गावर आहे. रोमँटिक कल्पना घेऊन याल तर सांगून ठेवतो, पन्नाशीच्या दशकातल्या चौकोनी इमारती आहेत. आपल्या म्हाडाच्या चुलत बहिणी.

निवांत_७७

'भिकार वाजवायला जागा' याला +१. पुण्यात आम्ही बँड काढला होता. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तिसऱ्या रविवारी मोडला.

पुरुषोत्तमवाली

ट्रामवाला, आइसलँडमध्येही होतकरू बँडसाठी म्यूसिकतिल्राउनिर नावाची स्पर्धा १९८२ पासून आहे. 'लिटल टॉक्स'वाले ऑफ मॉन्स्टर्स अँड मेन २०१० साली ती जिंकले आणि दोन वर्षांत जगभर वाजत होते. वाचताना मला आपला पुरुषोत्तम करंडकच आठवला. पावणेचार-चार लाखांच्या देशात अशी स्पर्धा असली की प्रत्येकाचा कुणी ना कुणी मावसभाऊ त्यात असणारच.

शंकासूर

तळघराचा मुद्दा मान्य. हेइमा अर्धा पाहिला. आज्यांचाही मान्य.

पण आता मूळ धाग्यालाच धरतो. ताई म्हणतात शब्द कळत नाहीत म्हणून ओढ. अहो, वर आलेली निम्मी नावं इंग्रजीत गातात! किंग्ज ऑफ कन्व्हिनियन्स, गोन्झालेझ, लेकमन, ऑफ मॉन्स्टर्स. स्वीडनच्या फर्स्ट एड किट या बहिणी तर अमेरिकन कंट्रीच गातात. तिथे शब्द कळतात आणि तरी आवडतं. मग 'न कळण्याची जादू' कुठे गेली?

अबोली_२

शंकासूर, यावर माझ्याकडे घरच्या घरी केलेला प्रयोग आहे.

आउस्गेर नावाचा आइसलँडचाच गायक. २०१२ चा त्याचा पहिला अल्बम तिथे इतका खपला की दर दहा माणसांमागे एकाकडे आहे, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. बरीचशी गाणी त्याच्या वडिलांनी लिहिलेली. वडील कवी, तेव्हाच सत्तरीचे. मग तोच अल्बम इंग्रजीत आला, 'इन द सायलेन्स'. भाषांतर जॉन ग्रँट या अमेरिकन गायकाने केलं. चाली त्याच, गळा तोच, फक्त भाषा बदलली.

मी आधी आइसलँडिक ऐकला होता, कोविडमध्ये, रात्री भांडी घासताना. मग इंग्रजी लावला. वाईट नाही, शब्दही चांगले आहेत. पण झालं असं की मी शब्द ऐकू लागले आणि तो ऐकू येईना. आइसलँडिकमध्ये एका ठिकाणी तो श्वास घेतो तो मला पाठ आहे. इंग्रजीत तो तिथे श्वास घेतो की नाही, आजही सांगता येणार नाही.

अर्थात माझ्या बहिणीला उलट्या क्रमाने ऐकवलं तर तिला इंग्रजीच आवडला. तेव्हा घ्या काय घ्यायचं ते.

बंदिशवाली

अबोली, श्वासाचं वाक्य वाचून उठून पाणी पिऊन आले. किती खरं.

धनश्री_ती_नव्हे

जरा अवांतर. मार्च २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा संगीत महोत्सवात ऑरोरा ऐकली. बर्गनजवळच्या गावची पोरगी, आणि आपला मार्चमधला मुंबईचा उकाडा! माझ्या पायात चुकीच्या चपला, पाण्याच्या रांगेत वीस मिनिटं. नवरा ग्रीन डे या बँडसाठी आला होता, तो ऑरोराला गवतावर आडवा पडून राहिला. शेजारी डोंबिवलीचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा होता, 'रनअवे'ला ढसाढसा रडला आणि मग मला म्हणाला, "काकू, टिश्यू आहे का?" टिश्यू दिला. काकूबद्दल माफ केलं नाही.

तिथे ना धुकं होतं ना हिमनदी, समोर घामाने निथळलेली गर्दी. तरीही लागलं ते गाणं. (शंकासूर, ऐकताय ना?)

शंकासूर

ऐकतोय, काकू.

नवखा_पांथस्थ

कुणी सांगेल का सुरुवात कुठून करू? इतकी नावं आली की गोंधळ झाला.

रानवाट

घाई असेल तर सुरुवातच करू नका. नसेल तर किंग्ज ऑफ कन्व्हिनियन्सपासून करा, पावसात आणि चहासोबत, ते कुणालाच टोचत नाहीत. मग आयवर ऐका, शक्यतो फेरोईज भाषेतलं. एकटीच चामड्याचा ड्रम घेऊन उभी राहते आणि घशातून जे काढते त्याने अंगावर काटा येतो. जेमतेम ५४ हजार वस्तीच्या बेटांवरून ही बाई आलीय. कंसवालं शेवटी ठेवा, आणि चौथ्यानंतर बंद करू नका!

खवचट_काका

रविवारी सौ. माहेरी होती. कंसवालं आठही ऐकलं. एक ते चार बरं होतं. नंतरचं जड गेलं. आठव्याला शेवटी ड्रमवाला जे काही करतो त्याला माझ्याकडे विनोद नाही. खाली जाऊन पान खाऊन आलो.

दाढेवरचे शब्द मागे घेतो. पेनड्राइव्हचा प्रश्न कायम आहे.

वाशिष्ठी_काठची

काकांनी विनोद सोडला म्हणजे धागा सार्थकी लागला.

तर, शोधला अर्थ. आधी लेकीला अंदाज करायला लावला. ती म्हणाली, "त्याला शाळेत जायचं नाहीये." मग आम्ही दोघींनी मिळून वाचलं. डबक्यांत उड्या मारण्याचं गाणं आहे हो ते! हात धरून गोल फिरतायत, पायात गमबूट नाहीत, नखशिखांत भिजलेत. हे ठीक होतं, मी हसतच होते. पण मध्येच एक ओळ येते की नाकातून रक्त येतं आणि तरी मी दर वेळी उठून उभा राहतो.

आमच्या वाड्यासमोर एस्टीच्या वळणावर जुलैत डबकं व्हायचं. मी आणि धाकटा भाऊ, दप्तरं पायरीवर. मी त्याला ढकललं होतं. गंमत म्हणूनच, पण तो तोंडावर आपटला आणि घोळणा फुटला. लाल झालेलं गढूळ पाणी अजून दिसतं. आईने डोक्यावर ओलं फडकं ठेवलं, नाकाशी कांदा धरला आणि विचारलं, कसा पडला? तो म्हणाला, पाय घसरला. नंतर कधीच आमच्यात तो विषय निघाला नाही.

काल त्याला फोन केला. त्याला काही आठवत नाही. "तू काहीतरी दुसऱ्याचं सांगतेयस," म्हणाला.

आता ते गाणं मला पहिल्यासारखं ऐकता येत नाही. चांगलं झालं की वाईट, अजून ठरत नाहीये. अबोली, तुझ्या श्वासासारखं माझंही एक ठिकाण होतं त्यात, तिथे आता ती ओळ येऊन बसलीय. आउस्गेरचा मात्र आइसलँडिकच ऐकेन म्हणते, इंग्रजीला हात लावणार नाही. आणि कंसातल्या आठांना तर अर्थच नाही, त्यामुळे तिथे मला धोका नाही.

अक्षरशत्रू

धोका नाही असं समजू नका. कोरी पानं आहेत तिथे.

बंदिशवाली

वाशिष्ठी, भावाला गाणं पाठव. काही लिहू नकोस सोबत.

वाशिष्ठी_काठची

पाठवलं. दोन निळ्या टिका आल्यात. बघू.

@काका, नाही केला परत. त्यानेही कधी मागितला नाही, माझ्या लग्नाला आला होता तेव्हाही नाही. कपाटात आहे, टोपण हरवलंय. गेल्या महिन्यात लावून पाहिला, चालतो. आत ते फोल्डर आहे आणि त्याच्या सबमिशनच्या फायली.